न चावणारे बूट

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मालनने नवऱ्याच्या पायाशी बसायचं, हा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता. गुणाजी खुर्चीत बसे, आधी उजवा आणि मग डावा पाय तिच्या मांडीवर देई आणि टीव्हीवरची नजर न काढता विचारी, "काय हा गो?" मालन चष्मा लावून बोटांच्या बेचक्या बघे, तळवे दाबून बघे, टाचा चाचपे आणि म्हणे, "काय नाय." मग गुणाजी पाय काढून घेई आणि ती भात लावायला उठे.

साखरेने गुणाजीच्या पायांतली जाणीव नेली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा जाड धागा तळव्याला ठिकठिकाणी टोचला होता. "आता कळतंय? आता? आणि आता?" असं त्या विचारत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने गुणाजी म्हणाला, "बाई, तुम्ही सुरुवात कधी करणार?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या मालनकडे वळल्या. "काकी, यांचे पाय आता तुमच्या ताब्यात. खडा टोचो, फोड येवो, यांना कळायचं नाही. यांना वाकता येत नाही, मोतीबिंदूने जवळचं दिसत नाही. तुम्हीच रोज बघायचं. जखम राहून गेली तर पाय कापावा लागतो, ही घाबरवायची गोष्ट नाही, मी दर महिन्याला बघते."

घरी परतताना रिक्षात गुणाजी डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडत होता आणि मालनच्या डोक्यात "तुमच्या ताब्यात" एवढंच घोळत होतं. लग्न झाल्यापासून गुणाजीचं काहीही तिच्या ताब्यात आलं नव्हतं. ना पगार, ना पोस्टाचं पुस्तक, ना टीव्हीचा रिमोट. आता एकदम दोन पाय आले.

गुणाजी धुरी हा वाईट माणूस नव्हे, असं भांडुपच्या त्या बिल्डिंगीत कोणीही सांगेल. कोणाच्या मयताला हा पहिला हजर. गणपतीत मखर याच्या देखरेखीखाली. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उचलला नाही. हात उचलायची त्याला गरजच पडली नाही, तोंड होतं ना. लग्नात नवे बूट त्याला असे चावले होते की सप्तपदीला तो लंगडत चालला, आणि वरात निघायच्या आत त्याने चारचौघांत सांगून टाकलं, "पांढऱ्या पायाची मिळाली, पहिल्याच दिवशी लंगडा केला." लोक हसले. मालनही हसली, नवी नवरी दुसरं काय करणार! पुढे ती मुलुंडला घरोघरी पोळ्या करायला जाऊ लागली, ओल्या लाद्यांवर तासन्‌तास उभी राहून तिच्या टाचांना बोट जाईल अशा भेगा पडल्या, तेव्हा पांढऱ्या पायांची घोरपड झाली. "घोरपड आली," असं तो पाहुण्यांसमोर म्हणे. प्रेमाने म्हणतो, असं बायका एकमेकींना सांगत.

त्याचं खरं प्रेम भिंतीला टेकून उभं असे. विक्रोळीच्या कारखान्यात तो फिटर होता. तिथला गोन्साल्विस फोरमन निवृत्त होऊन गोव्याला गेला, तेव्हा आपली विलायती सायकल त्याने गुणाजीला विकली. काळीभोर, सोनेरी रेघांची, पितळी घंटीची, पाठीमागे चकचकीत कॅरिअर. पायडलं तर अशी की तशी आता कुठे मिळत नाहीत. आपल्याकडच्या सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडलं असतात, हिची पूर्ण पोलादी आणि अरुंद, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, आणि पुढे बुटाचं टोक अडकवायला पोलादी कमान. गोन्साल्विस तरुणपणी शर्यतींत उतरायचा, त्यानेच ती बसवून घेतली होती. या पायडलांवर चुकीचं पादत्राण घालून पाय ठेवला तर एक तर घसरतो, नाहीतर अडकतो. नोकरीत असेपर्यंत गुणाजीला कंपनीचे बूट मिळत. त्यांची टोकं कानशीने घासून तो ती कमानीच्या मापाची करून घेई. सायकल पुसायला मालनची नुकतीच जुनी झालेली सुती साडी लागे. चाळीतल्या एका खोलीत सायकल उभी राहायची म्हणून मालन आणि लेक अक्षता पाय पोटाशी घेऊन झोपत. चाळीची बिल्डिंग झाली, मोठी खोली मिळाली, लिफ्ट आली, तेव्हा सायकल पुढचं चाक वर करून लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर आली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

त्या कॅरिअरवर आजवर कोणी बसलेलं नाही. एका मे महिन्यात बसायची वेळ आली होती. अक्षता लहान होती, तापाने फणफणली होती, डाव्या कानातून पू वाहत होता, आणि नेमका त्याच दिवशी रिक्षांचा बंद. मालन पोरीला कडेवर घेऊन म्हणाली, "मागे बसते, मुलुंडच्या हॉस्पिटलात सोडा." गुणाजीने कॅरिअरकडे पाहिलं. आदल्याच रविवारी त्याने त्यावर नवं पॉलिश चढवून आणलं होतं. "दोघींच्या वजनान चाक वाकतला," तो म्हणाला. "तू चालत ये. मी पुढे जाऊन नंबर लावतंय." आणि खरंच त्याने पुढे जाऊन नंबर लावला. मालन पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत भर उन्हात पोचली, तेव्हा तो आवारातल्या झाडाखाली सायकल पुसत उभा होता. नंबर येऊन गेला होता. पुन्हा लावावा लागला. अक्षताचा डावा कान गेला तो गेलाच. थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता का, असं मालनने विचारलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने सांगता येत नाही म्हटलं. गुणाजीने मात्र कित्येक वर्षं ही गोष्ट कारखान्यातल्या लोकांना सांगितली, नंबर लावायची आपली युक्ती म्हणून.

आता या गोष्टीत यज्ञेश आला. मुलुंडच्या टॉवरमध्ये राहणारा, चांगल्या पगाराचा, जुन्या सायकलींचं वेड लागलेला तरुण. त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून मुलुंडहून विक्रोळीपर्यंत जुन्या सायकलींची फेरी काढायची ठरवली होती. गुणाजीची सायकल त्याने रस्त्यात पाहिली आणि मागोमाग घरापर्यंत आला. गुडघ्यांवर बसून त्याने पायडलांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. "काका, एकदम झकास! सगळं ओरिजिनल आहे, पायडलंसुद्धा. तुम्ही सगळ्यात पुढे." मग त्याची नजर गुणाजीच्या पायांकडे गेली. पायांत डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली चप्पल होती, मऊ रबराची, रुंद पंजाची, बोटांना कुठे म्हणून न लागणारी. "फक्त काका, पायात त्या काळाला शोभेल असं काहीतरी लागेल ना. चामड्याचे बूट वगैरे. फोटो निघणार आहेत." साखरेचं त्याला कोणी सांगितलं नाही. गुणाजीला ते सांगणं कमीपणाचं वाटलं आणि मालन चहा करत होती.

ती चप्पल घालून त्या पायडलांवर पाय ठेवायचा त्याने प्रयत्न केला होता. पायडलाचे दाते मऊ रबरात रुतत, लचके तोडत, आणि रुंद पंजा काही कमानीत शिरत नसे. आता विक्रोळीला राहणारी अक्षता आली होती, ती म्हणाली, "बाबा, पायडलं बदला ना. रबराची साधी लावून घ्या, चप्पल घालून आरामात चालवाल."

"पायडलं बदलू? उद्या म्हणशील बाप बदला."

"अहो बाबा, पायांचं बघा ना आधी."

"पायांक काय झाला? तुझ्या आवशीक विचार, रोज बघता ती. काय हा गो?"

"काय नाय," मालन म्हणाली. तोपर्यंत खरंच काही नव्हतं.

बुटांच्या खरेदीला गुणाजी सायकल घेऊनच गेला. मालन रिक्षाने. मुलुंडच्या बाजारात दुकानासमोरच्या फुटपाथवर त्याने सायकल स्टँडवर चढवली आणि एकेक बूट घालून सीटवर बसून बघायला सुरुवात केली. दुकानदाराने इतकी वर्षं बूट विकले होते, पण गिऱ्हाइकाआधी सायकलच्या पसंतीला उतरायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. कॅनव्हासचे बूट आले. रबरी तळ दात्यांना असा धरून बसला की पाय सोडवताना गुणाजी तिथेच कलंडला असता. जाड सोलचे ऑफिसला घालायचे बूट आले, ते कमानीत शिरेनात. बिनटाचेचे आले, ते पुढे घसरत. गुणाजी वर चढे, उलटं पायडल मारी, मान हलवी आणि खाली उतरे. जाणारे-येणारे थांबून बघत होते आणि त्याला ते मनापासून आवडत होतं.

शेवटी दुकानदाराने वरच्या फळीवरून एक जुना खोका काढला. काळे, निमुळत्या टोकाचे, टाच असलेले, पातळ चामडी तळाचे बूट. हल्ली असे कोणी घेत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. गुणाजीच्या मापाचा आठ नंबर कमानीच्या तोंडाशी जरासा अडला. सात नंबरचा असा आत गेला, जसा तिथेच जन्माला आला होता. दाते तळाच्या चामड्यात हलकेच रुतले. पाय पुढे-मागे सरकेना. गुणाजीचा चेहरा उजळला.

"टाइट होत नाहीत ना काका? एक नंबर कमी आहे," दुकानदार म्हणाला.

गुणाजी बूट घालून फुटपाथवर फेऱ्या मारून आला. "काय सांगू तुका! आयुष्यात नवो बूट चावलो नाय असा कधी झाला नाय. लग्नातले चावले, कंपनीचे चावले. हे चावनतच नाय. लोण्यासारखे!"

मालन खाली बसली आणि तिने बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. आत गुणाजीचं मोठं बोट मुडपून शेजारच्या बोटावर चढलं होतं. "अहो, आत बोट वाकडं झालंय. चावत नाही कारण तुम्हाला कळत नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवा." तळ किती पातळ आहे तेही तिने हाताने दाबून पाहिलं. "आणि हे दाते खालून थेट पायाला लागणार."

गुणाजी दुकानदाराकडे बघून हसला. "हिच्या पायांक जन्मात कधी बूट लागलो नाय. घोरपडीचे पाय हिचे, चप्पलसुद्धा रडता. आणि ही माका बूट शिकवता!"

दुकानदार हसला. धंद्यावर बसलेल्या माणसाला हसावं लागतं. मालन गुडघ्यावर हात टेकून उठली, साडीचा काठ भेगांवर ओढून घेतला आणि खोका बांधून होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.

बूट दसऱ्याला काढायचे ठरले. सकाळी सायकल धुऊन पाटावर उभी राहिली, तिला झेंडूचा हार पडला. मालनने पायडलांना हळदकुंकू लावलं आणि दरवर्षीसारखं डोकं टेकवलं. मग गुणाजी काळे मोजे आणि नवे बूट घालून सोनं वाटायला निघाला. सायकलवरून भांडुप, मुलुंड, विक्रोळी, जुने सोबती, पाव्हणे, कारखान्यातली मंडळी. प्रत्येक दारात धाकट्यांनी आपट्याचं पान त्याच्या हातात ठेवलं आणि वाकून पायाला हात लावला. कोणी म्हणालं, "काका, बूट काय चकाचक!" गुणाजीने भरभरून आशीर्वाद दिले. दिवसभर जो तो त्याच्या पायांना हात लावत होता आणि पाय आतून कुटला जात होता.

संध्याकाळी मालनने उजवा मोजा उतरवला तेव्हा मोठ्या बोटाच्या मुळाशी, तळव्यावर, पाणी धरलेला फोड होता आणि त्याच्या कडेने लालसर ठिपक्यांची ओळ. दात्यांचीच ती. बोट बाजूने जांभळं पडलं होतं.

"काय हा गो?"

"फोड आलाय. मोठा आहे. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, आणि हे बूट परत घालायचे नाहीत."

गुणाजीने पाय ओढून घेतला. "दुखना नाय तो फोड कसलो?"

"तुम्हाला दुखणार नाही, असं त्यांनी..."

"माका म्हायत हा काय चाललाहा ता. फेरी जवळ इली, फोटो निघतले, लोक गुणाजी धुऱ्याक बघतले, ता तुका बघवना नाय. तुका माझी सायकल कधीच बघवक नाय. स्वतःच्या टाचा बघ आधी. त्या बघून बघून डोळ्यांत भेगाच शिरल्यात तुझ्या, जिथे बघशील थय तुका भेगा दिसतत."

सायकल मालनला बघवत नव्हती हे खरंच होतं. तिने फोडाला हळद लावली आणि भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा लागला. पुन्हा पाय मांडीवर आला. गुणाजी कालचं विसरूनही गेला होता. समोर मालिका चालू होती. "काय हा गो?" त्याने विचारलं.

फोड फुटला होता. मालनने बघितलं, खालची ओली लाल कातडी बघितली आणि म्हणाली, "काय नाय."

इतकं सोपं होतं ते. शब्द रोजचेच होते, आवाज रोजचाच होता. गुणाजीने पाय काढून घेतला, आणि मालनला वाटलं होतं तसं तिचं काळीज वगैरे काही धडधडलं नाही. भाताला मीठ घालायला मात्र ती विसरली आणि त्यावरून तिला ऐकून घ्यावं लागलं.

त्याचा पाय कापला जावा, असं तिच्या मनात नव्हतं. हे तिच्या बाजूने एवढंच सांगता येईल. तिला हवं होतं ते वेगळं आणि तितकंच दुष्ट होतं. त्याला एकदा तरी दुखावं, त्याने एकदा तरी "आई गं" म्हणून पाय धरावा, आणि आपण त्या वेळी "चालत ये, मी पुढे होते" असं म्हणून उठून जावं, एवढं तिला हवं होतं. ती त्याच्या दुखण्याची वाट बघत होती. दुखणं काही येणार नाही, हे तिला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तरीही बघत होती. गुणाजी रोज सकाळी फेरीची तयारी म्हणून विक्रोळीपर्यंत सायकल मारून येई. मोजे ती धुवायची. काळ्या मोज्यांवर डाग दिसत नाही, पाण्याला रंग येतो. शेजारच्या सुगंधाबाई एकदा दारात नाक मुरडून म्हणाल्या, "मालनताय, तुमच्याकडे उंदीर मेलाय का कुठे?" त्या दिवसापासून मालन मोज्यांत पावडर टाकू लागली. गुणाजीला वाटलं बायको आता कुठे शहाणी झाली, नवऱ्याच्या बुटांची काळजी घेते.

फेरीच्या सकाळी मात्र ती घाबरली. मोजा घालताना तिला जखमेची कड काळी दिसली. आज रात्री सांगायचं, असं तिने पक्कं ठरवलं. फेरी होऊन जाऊ दे, त्याची हौस होऊ दे, मग पाया पडून का होईना, त्याला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. ठरवल्यावर तिला हलकं वाटलं. मुलुंडला मैदानाशी ती अक्षताबरोबर उभी राहिली, तेव्हा तिने केसांत गजरासुद्धा माळला होता.

सायकली विक्रोळीला जाऊन परत आल्या. गुणाजी सगळ्यात पुढे, पांढरं धोतर, काळा कोट, बूट पायडलांत असे बसलेले की लोक वाकून बघत होते. यज्ञेशने त्याला छोट्या स्टेजवर चढवलं, शाल दिली आणि माइक हातात दिला. "काका, एवढी वर्षं सायकल अशी नवीकोरी कशी ठेवली, सांगा ना सगळ्यांना."

गुणाजी माइकवर मुंबईचं मराठी बोलायचा. "सोपं आहे," तो म्हणाला. "या सायकलवर माझ्याशिवाय आजपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. एकदा पोरगी तापाने फणफणली होती, तरी नाही! मी सायकलने पुढे जाऊन नंबर लावला आणि बायकोला म्हटलं, तू ये चालत!"

लोक खो-खो हसले, टाळ्या पडल्या. अक्षताही टाळ्या वाजवत होती. कर्णा तिच्या डाव्या बाजूला होता. तिने मान वळवून उजवा कान आईकडे केला. "काय गं, काय म्हणाले बाबा?"

मालनने तिच्याकडे पाहिलं. "काय नाय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळीही पाय मांडीवर आला आणि त्या संध्याकाळीही तिने तेच सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर गुणाजी हुडहुडी भरून पडला. मालनने अक्षताला फोन केला. अक्षताने येऊन अंगावर पांघरूण घालताना मोजा ओढून काढला आणि ती किंचाळली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई आल्या, वाकून बघितलं, आणि बराच वेळ त्या वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "काकी, रोज बघत होता ना तुम्ही?"

तापाने अर्धा बेशुद्ध असलेला गुणाजी खाटेवरून बोलला. "रोज बघी होती ती, बाई. एक दिवस चुकवक नाय तिना. तिका बोल लावू नका." जन्मात पहिल्यांदा त्याने चारचौघांत बायकोची बाजू घेतली.

"ही जखम दोन-चार दिवसांची नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निदान दोन आठवड्यांची आहे."

गुणाजी मालनकडे बघायला लागला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिचा चेहरा कितपत दिसला कोण जाणे. मालनने त्याच्या अंगावरची चादर नीट केली. दुसऱ्या दिवशी उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

घरी आल्यावर बरेच दिवस त्याने काही विचारलं नाही. एका दुपारी अक्षता गेल्यावर घरात दोघंच होती, मालन कणीक मळत होती, तेव्हा तो म्हणाला, "रोज बघी होतंस मा गो?"

"बघी होतंय."

"मग?"

मालनचे हात कणकेत होते. "तुमीच म्हणालास, दुखना नाय तो फोड कसलो."

गुणाजीचं ते तोंड, ज्याने आयुष्यभर हातांचं काम केलं, ते उघडलं आणि मिटलं. कोणाला सांगणार होता तो? अक्षताला सांगितलं असतं तर तिने आईला कारण विचारलं असतं, आणि मग आईने तिला बाबा स्टेजवर काय म्हणाले तेही सांगितलं असतं. हे त्याला कळलं असावं, कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही. लोक भेटायला येत आणि म्हणत, नशीब समजा, मालनताय सेवा करतात.

सायकल अजून भिंतीला आहे. यज्ञेश मागायला आला होता, गुणाजीने दिली नाही. मालन आता तिच्या दांड्यावर परकर वाळत घालते, हँडलला पिशव्या अडकवते. पितळी घंटीला हिरवा गंज चढतोय. गुणाजी खुर्चीतून ते बघतो. उजवा बूट अक्षताने फेकून दिला. डावा चपलांच्या फळीवर आहे, तो अजूनही नवा दिसतो.

डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावलं होतं, आता डाव्या पायाला जपा, एक गेल्यावर दुसऱ्यावर संकट लवकर येतं. गुणाजीने अक्षताकडून लांब दांड्याचा आरसा मागवून घेतला. आईला किती त्रास द्यायचा, असं तिला सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी तो आरसा तळव्याखाली धरून बसला. पुढे झुकला, मागे सरकला, दिव्याखाली खुर्ची ओढून घेतली. आरशात त्याला मळकट पिवळा ढग दिसला, त्यापलीकडे काही नाही. आरसा त्याने खाली ठेवला.

मालन देवापुढे दिवा लावून आली आणि खाली बसून तिने मांडी पुढे केली. गुणाजीने पाय आधी खुर्चीखाली ओढून घेतला. मग त्याने पाय तिच्या मांडीवर ठेवला. टीव्ही बंद होता. मालनने चष्मा लावला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, तळवा दाबला, टाच चाचपली. पाय स्वच्छ होता.

"काय हा गो?"

"काय नाय."

"नीट बघ."

"बघलंय. काय नाय."

"मालन," तो म्हणाला. नाव घेऊन हाक मारायची त्याची सवय नव्हती. "खरा सांग. काय हा काय?"

मालनने वर पाहिलं. तो पुढे झुकून, डोळे ताणून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती खरं सांगत होती आणि तरी तो घाबरला होता, आणि उद्याही घाबरणार होता, परवाही. हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते तिला बरं वाटलं.

तिने पाय हलक्या हाताने खाली ठेवला. "काय नाय," ती म्हणाली आणि भात लावायला उठली.